खडूच्या पुडीतल्या खुणा

धुक्यात समोरचा माणूस दिसत नव्हता, आणि त्यात तिच्या पिशवीचा पट्टा तुटला. पायाला बांधायची पॅडची जोडी धप्पकन रस्त्यावर पडली. एक पॅड तिने उचललं. दुसरं कोणीतरी आधीच उचललं होतं.

तो बॅगा दुरुस्त करणारा. त्याचं दुकान तिथेच, दोन पायऱ्या चढून. तिचं पॅड हातात धरून तो त्याच्या आतल्या कडेवर अंगठा फिरवत होता, तापलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा.

"चाकांवरची हॉकी ना? हे जमिनीला चिकटत असेल."

"चिकटतं म्हणजे... रुसून बसतं!" ती म्हणाली. "बर्फावरच्या हॉकीचं पॅड आहे. तिकडे सुळकन जातं म्हणे. आमच्याकडे कोरडी फरशी. गुडघे टेकले की मी तिथेच, आणि चकती जाळ्यात. सगळ्या मला गाळणी म्हणतात."

"काही लावून बघितलं?"

"मेण लावलं. पॅड नाही घसरलं. बचावातली पोरगी घसरली आणि चकतीच्या आधी स्वतःच गोलात शिरली."

तो हसला. मग मध्येच थांबला आणि मागे वळून दुकानात पाहिलं – आत कोणी ऐकलं का, अशा नजरेने. आत कोणी नव्हतं.

"तुम्हाला पॅडमधलं बरंच कळतं," ती म्हणाली.

"घरात गोलकीपर होती." त्याने पायरीवरच बसून पिशवीच्या पट्ट्याला टाका घातला. "माझी बायको. आता नाही."

तिने जीभ चावली. मग हळूच म्हणाली, "रविवारी सामना आहे. या वेळीही गळले तर कोच मला बाकावर बसवणार. करून द्याल काही?"

"कडेला गुळगुळीत प्लास्टिकच्या पट्ट्या बसवता येतात. पण पॅड नेमकं कुठे टेकतं ते बघावं लागतं. प्रत्येकीचा गुडघा वेगळा पडतो. फरशीवर खडूची पूड पसरायची, त्यात बसायचं. पूड पुसली जाईल त्या मापाची पट्टी."

"मग या ना उद्या हॉलवर."

"हॉलवर..." सुई कापडात अडकून राहिली. "बरं. सकाळी येतो. कोणी यायच्या आत."

सकाळी हॉल गार होता. उंच खिडक्यांमधून राखाडी उजेड आत येत होता. गोलापुढे त्याने पूड चाळली, ती पांढऱ्या चादरीसारखी पसरली. ती पॅड बांधून मधोमध उभी राहिली आणि धाडकन गुडघ्यांवर बसली.

"सावकाश! जमीन कुठे पळत नाही."

"जमीन नाही, पण चकती पळते ना."

ती उठली आणि चाकांवरून बाजूला झाली. पूड पुसून दोन खुणा उमटल्या होत्या. मग तिची नजर गोलाच्या डाव्या खांबाकडे गेली. तिथेही दोन खुणा होत्या. अरुंद, एकमेकींच्या जवळ, जणू कोणी बारीक बांध्याचं माणूस तिथे गुडघे टेकून चकतीची वाट बघत होतं.

"मी तिकडे गेलेच नव्हते," ती म्हणाली.

तो हातात कागद घेऊन उभा होता. त्याचा चेहरा खडूसारखा पांढरा झाला होता.

"पूड सारखी पडली नसेल," तो म्हणाला आणि कागद घेऊन खाली बसला. तिला थंडी वाजली, म्हणून ती पॅड सोडायला बाकाकडे गेली. त्याने मापं कशी घेतली, ते तिने पाहिलं नाही.

पॅड तयार होऊन आली आणि सरावात सगळ्यांचे डोळे विस्फारले. चकती काठीवरून सुटायच्या आधीच गाळणी डाव्या खांबाशी पोचलेली! फरशी जणू तिच्याखाली तेलासारखी वाहत होती. मैत्रिणींनी टाळ्या पिटल्या. तिला मात्र आनंद होईना. आपण जातोय असं वाटतच नव्हतं. कोणीतरी पाय धरून हळूच, अगदी मायेने ओढून नेत होतं...

कोचने शिट्टी तोंडातून काढली. "अगं, हे कुठे शिकलीस?"

"कुठेच नाही. का?"

"माझी बहीण अशी जायची. अशीच, डावीकडे, चकतीच्या आधी." तो बाहेरच्या बाजूला बघत होता. कठड्यापलीकडे बॅगवाला उभा होता. "हे माझे मेहुणे. ती तापात गेली, तेव्हापासून यांनी इथे पाऊल टाकलं नव्हतं. आणि आता रोज येतात."

हो, तो रोज येत होता. रोज तिच्याकडे बघत होता, आणि ती वेडी रोज केस नीट बांधून येत होती! तिला एकदम रडू फुटेलसं झालं.

सराव संपल्यावर ती तशीच त्याच्या दुकानात गेली. दार लावून घेतलं.

"एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार."

"तुम्ही तिथे उभे राहून कोणाला बघता? मला... की तिला?"

त्याने हातातली बॅग खाली ठेवली. तिने फळीवरचा खडूचा डबा उचलून जमिनीवर रिकामा केला, पॅड बांधली आणि गुडघ्यांवर बसली. मग पाय वर करून त्याच्यासमोर धरला. खडू पट्टीला लागलाच नव्हता. पट्टीच्या चार बोटं वर, नुसत्या कापडावर लागला होता.

"म्हणजे ही पट्टी जमिनीला टेकतच नाही," ती कुजबुजली. "मग मी घसरत कशी होते?"

तो स्टुलावर बसला. मग म्हणाला, "कागद मी त्या दुसऱ्या खुणांवर ठेवला. मुद्दाम नाही. ती मापं माझ्या हाताला पाठ आहेत. खाली वाकलो आणि... ओळखीचं माणूस दिसलं, की आपण आधी तिकडेच जातो ना?"

तिचा राग कुठल्या कुठे गेला. भीती मात्र गेली नाही.

"काढा त्या पट्ट्या."

"रविवारी सामना आहे. या पट्ट्या असल्या तर तू जिंकशील."

"ती जिंकेल. मी नुसती तिचे पाय होईन. मला नाही व्हायचं तिचे पाय... तुमच्यासाठीसुद्धा नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने सुरी घेतली आणि टाके उसवायला लागला. पट्टी निघेना. दुकानातला दिवा मंद झाला, कपाटावरच्या बॅगा एकामागून एक हलल्या. तो पट्टीवर हात ठेवून अगदी हळू म्हणाला, "सोड गं. हिचे गुडघे वेगळे आहेत." पट्टी अलगद त्याच्या हातात आली. त्याने डोळे पुसले नाहीत. तिच्या पायाशी बसून, तिच्या गुडघ्यांच्या खुणांवर कागद ठेवून, तिची मापं घेतली.

रविवारी तिने चार गोल खाल्ले. चारही डावीकडून. पॅड आता घसरत होती खरी, पण ती स्वतःच उशिरा निघत होती. गॅलरीतून "गाळणी, गाळणी" असा ओरडा सुरू झाला. शेवटी चार-चार अशी बरोबरी असताना समोरची खेळाडू एकटीच चाल करून आली आणि तिने उजवीकडे मारलं. गाळणी पडली, घसरली, सगळी लांबलचक आडवी झाली. चकती पॅडला लागून बाहेर गेली आणि सामना बरोबरीत सुटला. त्या घसरण्यात दुसऱ्या कोणाचा हात नव्हता. मांडीत कळ आली, ती तिचीच होती.

"चार गोल खाल्लेस आणि हसतेस काय?" कोच म्हणाला. "पुढच्या वेळी डावीकडे बघ जरा. आणि बाकाकडे जाऊ नकोस, गोल तुझाच."

सगळ्या गेल्यावर बॅगवाला कठडा ओलांडून फरशीवर आला, बुटांनी अडखळत. ती अजून खालीच बसली होती. तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि पॅडचे पट्टे सोडायला लागला.

"तिला उजवीकडचं कधी जमलं नाही," तो म्हणाला.

"आणि मला डावीकडचं जमत नाही."

"बघितलं. सबंध वेळ बघत होतो."

"कोणाला?" तिने विचारलं. श्वास धरून.

"चार गोल खाणारीला." त्याचे कान लाल झाले होते. "उद्या पण बघायला आवडेल. परवा पण. तू चालवून घेत असशील तर... रोज."

"एवढे गोल मी रोज नाही खाणार हं."

"मग काय, थोडे कमी बघेन."

ती हसली आणि उठायला हात पुढे केला. त्याने तो धरला, आणि दारापर्यंत सोडला नाही. दिवे विझवून ते बाहेर पडणार, तोच मागच्या अंधारातून आवाज आला. गोलाच्या बाजूने. गुळगुळीत काहीतरी फरशीवरून डावीकडे जावं तसा... सुळ्ळ.

त्याची बोटं तिच्या हातात गार पडली. तिने ती घट्ट धरली.

"जाऊन बघायचंय?" तिने विचारलं.

त्याने कान देऊन ऐकलं. मग त्याने दार हळूच ओढून घेतलं.

"नको," तो म्हणाला. "करू दे तिला सराव."