दीड कोटी वर्षांची डागडुजी

काचेच्या चकतीत वाढवलेल्या यकृतपेशींभोवतीच्या द्रवात युरिक आम्ल उरलेच नव्हते. डॉ. हेमलता बोरस्ते यांनी मोजणी पुन्हा करायला लावली, मग स्वतः केली. पडद्यावरची रेघ सकाळपासून घसरत होती आणि आता तळाला टेकून सरळ धावत होती. त्या जागच्या उठल्या, खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या. शेवटी त्यांनी शेजारच्या इमारतीत डॉ. इक्बाल मुकादमांना फोन लावला आणि हातातले काम टाकून या, एवढेच सांगितले.

मुकादम सांध्यांच्या विकारांचे डॉक्टर. गाऊटने बेजार झालेली माणसे तपासण्यात त्यांची हयात गेली होती. नाशिकच्या या विकर (एन्झाइम) संशोधन संस्थेत ते आठवड्यातून दोनदा येत. धापा टाकतच ते आत शिरले आणि पडद्याकडे पाहून त्यांनी खुर्ची ओढली.

"डुकराचं विकर वापरलंत?"

"नाही. माणसाचंच आहे."

"माणसात ते नसतंच, बाई."

"नसतं असं नाही. मोडलेलं असतं."

मुकादमांना त्यातले निम्मे ठाऊक होते. युरिक आम्ल सगळ्याच सस्तन प्राण्यांच्या शरीरात तयार होते. जुन्या पेशी मोडल्या, अन्न पचले की त्यातला काही कचरा या रूपाने रक्तात उतरतो. कुत्रा, गाय, उंदीर यांच्या यकृतात त्याची विल्हेवाट लावणारे एक विकर असते. ते आम्लाचे अ‍ॅलॅन्टॉइन बनवते, अ‍ॅलॅन्टॉइन पाण्यात सहज विरघळते आणि लघवीवाटे निघून जाते. पण माणूस, गोरिला आणि चिंपांझी यांच्या सामाईक पूर्वजांमध्ये, सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी, त्या विकराचे जनुक बिघडले ते बिघडलेच. तेव्हापासून आपला सगळा भार मूत्रपिंडांवर. ती मागे पडली की आम्ल साचते आणि थंड जागी, बहुधा पायाच्या अंगठ्यात, त्याचे सुईसारखे स्फटिक होतात.

जनावराचे विकर टोचून पाहिले, तर बऱ्याच रुग्णांचे शरीर ते परके म्हणून हाकलून देत होते. म्हणून हेमलताबाईंनी वेगळी वाट धरली. मोडलेले जनुक आपल्या प्रत्येक पेशीत अजून पडून आहे. त्याची उत्क्रांतीत जवळच्या प्राण्यांच्या जनुकांशी ताडणी करून, मोडण्याआधी वेगवेगळ्या पूर्वजांत ते कसे होते हे त्यांनी गणिताने काढले आणि त्यांतले एक निवडले. तेवढी दुरुस्ती स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म कणांत भरली. या कणांना त्या स्नेहकुपी म्हणत. शिरेतून सोडलेल्या स्नेहकुपी थेट यकृतात जातात. बाकी शरीराला त्या हातही लावत नाहीत.

मुकादमांनी पडद्यावरची रेघ पुन्हा नीट पाहिली. मग त्यांनी शंका काढली, की इतकी वर्षे मोडकेच टिकले, म्हणजे मोडण्यात काही लाभही असेल.

"असेल की," हेमलताबाई म्हणाल्या. "उपासमारीच्या काळात फळांची साखर चरबी करून साठवायला युरिक आम्लाची मदत होत असावी. तेव्हा ती गरज होती. आता तुमच्या दवाखान्यात कोण येतं, उपाशी माणसं?"

मुकादम हसले. त्यांच्या डोळ्यांसमोर एक रुग्ण आला होता.

योगेश थेटे एकेरी नौका वल्हवणारा. वय एकोणतीस, देशात पहिल्या दोघांत. वल्हवण्यात जोर दंडात असतो असे लोकांना वाटते, पण खरा जोर पायांचा. नौकेतल्या पट्टीवर दोन्ही पाय रोवून सगळे अंग मागे लोटायचे, आणि तो सगळा रेटा पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी येतो. नेमका तिथेच त्याला पहिला झटका आला होता. अंगठा वांग्यासारखा तुकतुकीत जांभळा झाला आणि अंगावरची चादर टेकली तरी तो कळवळायचा. आपल्या वजनगटाच्या मर्यादेत बसायला शर्यतीआधी पाणी तोडायचे, की झटका ठरलेला. त्याहून त्याला झोंबत होते ते लोकांचे बोलणे. हा तर चैनीचा रोग, चोरून पीत असणार, मटण झोडत असणार. योगेशने दारूला कधी हात लावला नव्हता. त्याच्या मूत्रपिंडांना आम्ल बाहेर टाकणे जन्मतःच नीट जमत नव्हते, एवढाच त्याचा गुन्हा. नेहमीच्या गोळीने त्याच्या अंगावर असे भयंकर पुरळ उठले, की ती पुन्हा देण्याची सोय राहिली नाही.

पुढे प्राण्यांवरच्या चाचण्या झाल्या, परवानग्या आल्या आणि माणसावर पहिला प्रयोग करायची वेळ आली, तेव्हा योगेश स्वतःहून पुढे आला. हेमलताबाईंनी त्याला समोर बसवून धोके सांगितले. त्याचा एकच प्रश्न होता, की अंगठ्यात नेमके काय होते.

"स्फटिक नुसते बसून असतात तोवर दुखत नाही," त्या म्हणाल्या. "तुझ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना ते शत्रू वाटतात. त्या त्यांना गिळायला जातात, फुटतात, आणि मदतीला आणखी हजारो पेशींना बोलावतात. आग लागते ती या लढाईची. आपण शत्रूच विरघळवून टाकणार आहोत."

खेळाच्या वैद्यकीय समितीनेही उपचाराला मान्यता दिली. त्याने ताकद वाढत नव्हती, फक्त रोग जात होता.

उपचार झाला आणि योगेशच्या रक्तातले आम्ल उतरत उतरत गायीच्या रक्तात असते तितके झाले. अंगठ्यातल्या गाठी विरल्या. धरणाच्या पाण्यावर त्याने पहिल्यांदा पूर्ण ताकदीने नौका काढली, त्या सकाळी हेमलताबाई आणि मुकादम काठावर उभे होते. तो परतला तेव्हा घामाने निथळत होता आणि बोलता येत नव्हते म्हणून नुसता पाय वर करून दाखवत होता. मुकादमांनी भर चिखलात बसून तो अंगठा दाबून पाहिला. योगेश हसत राहिला. हेमलताबाईंना वाटले, आयुष्यात यापुढे काही मिळाले नाही तरी चालेल.

आशियाई स्पर्धा भोपाळच्या तलावावर होती. योगेशने उपांत्य शर्यत जिंकली आणि नियमाप्रमाणे लघवीचा नमुना दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा हेमलताबाईंना फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता. अंतिम शर्यत पुढच्या सकाळी होती आणि त्याला स्पर्धेतून काढले होते. उत्तेजक घेतल्याचा आरोप नव्हता. आरोप असा, की त्याने दिलेला नमुना माणसाचा नाही.

हेमलताबाई मुकादमांना घेऊन मिळेल त्या विमानाने निघाल्या. वाटेत मुकादम संतापाने बडबडत होते, कुणीतरी बाटल्या बदलल्या, डाव आहे. हेमलताबाई मनाशी काहीतरी जुळवत होत्या. मग त्या एकदम सरळ बसल्या आणि त्यांनी मुकादमांचा हात घट्ट धरला.

"कुणी बदललेलं नाही, इक्बालभाई. यंत्र बरोबर सांगतंय."

संध्याकाळी पंचांसमोर सुनावणी झाली. प्रमुख होत्या डॉ. शारदा नंबियार, केरळच्या जुन्याजाणत्या रसायनतज्ज्ञ. त्यांनी शांतपणे मांडणी केली. काही खेळाडू स्वतःऐवजी जनावराचा नमुना देऊ लागले होते, म्हणून प्रयोगशाळेत नमुनापारखी यंत्र बसवले. त्याची कसोटी साधी आहे: माणसाच्या लघवीत युरिक आम्ल भरपूर, अ‍ॅलॅन्टॉइन नावापुरते, जनावरांत उलटे. या नमुन्यात अ‍ॅलॅन्टॉइन काठोकाठ आहे. खेळाडूकडून डोळ्यांदेखत दुसरा नमुना घेतला, त्यातही तेच. तेव्हा पंचांचा समज असा, की त्याने हे काही गुप्त साधनाने अंगात लपवून आणले. वैद्यकीय मान्यता औषधाला होती, फसवणुकीला नव्हे.

योगेश कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. पूर्वी लोक त्याला दारुडा म्हणत. आता तर यंत्राने त्याला माणसांतूनच उठवले होते.

हेमलताबाई उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचा आवाज आनंदाने कापत होता, आणि पंचांना ते विचित्र वाटले. जनुक कसे मोडले होते आणि आपण ते कसे जोडले, हे हेमलताबाईंनी सांगितले.

"तुमचं यंत्र माणूस ओळखत नाही," त्या म्हणाल्या. "ते मोडलेलं जनुक ओळखतं. उद्या एखाद्या गोरिलाचा नमुना ठेवलात तर ते त्याला माणूस म्हणेल. हा मुलगा नुसता दुरुस्त झालाय."

पंचांपैकी एक जण हसला. नंबियारबाई हसल्या नाहीत. नमुन्यात मूत्राशयाच्या अस्तरातून गळलेल्या पेशी असतात. त्यांची जनुके वाचावीत, अशी सूचना त्यांनी स्वतःच केली. हेमलताबाईंनी निकाल आधीच सांगून ठेवला: पेशी माणसाच्या निघतील, योगेशच्याच निघतील, आणि त्यांच्यात ते जनुक अजून मोडलेलेच असेल, कारण दुरुस्ती फक्त यकृतात झाली आहे.

पहाटे अहवाल आला. शब्दन् शब्द तसाच होता. योगेशला शर्यतीला उतरायची परवानगी मिळाली.

तलावावर ऊन पसरत होते. नौका सुरुवातीच्या रेषेकडे जात असताना नंबियारबाई हेमलताबाईंच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्या रात्रभर झोपल्या नव्हत्या, हे चेहऱ्यावर दिसत होते. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, असे म्हणून त्यांनी सांगायला सुरुवात केली. येरलान नावाचा कझाकस्तानचा वल्हवणारा होता. त्याच्या नमुन्यातही असेच अ‍ॅलॅन्टॉइन सापडले. नमुना माझाच आहे, एवढेच तो म्हणत राहिला, पण यापलीकडे एक अक्षर बोलला नाही. त्याच्यावर जन्माची बंदी घालणारा निर्णय नंबियारबाईंच्याच सहीचा होता.

"नियमाप्रमाणे ती बाटली अजून गोठवून ठेवलेली आहे," त्या म्हणाल्या. "योगेशच्या नमुन्याबरोबर काल मी तीही वाचायला दिली. पेशी माणसाच्या आहेत. येरलानच्याच आहेत. जनुक मोडलेलं आहे."

हेमलताबाईंना अर्थ लागायला क्षणभर लागला. पेशींत जनुक मोडलेले आणि तरीही लघवीत अ‍ॅलॅन्टॉइन, याचा अर्थ एकच होता. कुणीतरी त्याचे यकृत दुरुस्त केले होते, त्यांच्या आधी दोन वर्षे. आपण जगात पहिल्या, हे वाक्य त्या इतके दिवस मनात जपत आल्या होत्या. ते गळून पडले तेव्हा त्यांना दुःख व्हायला हवे होते, पण झाला तो आनंद. त्या वाटेने आणखी कुणीतरी चालले होते.

काठावर आरडाओरडा उठला. योगेश दुसरा आला होता. नौका थांबल्यावर त्याने वल्ही सोडून दिली आणि दोन्ही पाय पाण्यात बुडवून तो आभाळाकडे पाहत बसला. मुकादम त्याच्याकडे धावत सुटले.

नंबियारबाईंनी येरलानचा फोन नंबर मिळवला होता आणि सोबत एक दुभाषी मुलगीही उभी केली होती. आधी त्या स्वतः बोलल्या. बंदी उठेल असे त्यांनी सांगितले आणि माफी मागितली. फोन त्यांनी हेमलताबाईंच्या हाती दिला. मग हेमलताबाईंनी विचारले, की तुझ्यावर उपचार कुणी केले.

येरलानने उलट विचारले, की तुमच्या खेळाडूकडे परवानगी होती का. होती, असे कळल्यावर तो सावकाश बोलू लागला. त्याच्याकडे नव्हती. त्याला गाऊटने चालता येईना, तेव्हा त्याच्या थोरल्या बहिणीने, ती विकरांवर काम करणारी होती, कुणालाही न विचारता घरीच ते औषध दिले. तो तोंड उघडता तर ती तुरुंगात गेली असती. म्हणून त्याने लबाड ठरणे पत्करले. त्यानंतर बहिणीने ते काम बंद केले आणि त्याबद्दल कुणाशी अवाक्षरही काढले नाही.

एवढे सांगून तो थांबला. फोनवर दुसरा आवाज आला, बाईचा, घाईघाईने बोलणारा. दुभाषी मुलगी ऐकता ऐकता हसू लागली.

"त्यांची बहीण शेजारीच बसलीय," ती म्हणाली. "तुरुंगाचं नंतर बघू, असं म्हणतेय. तिला आधी हे सांगा, तुम्ही कोणत्या पूर्वजाचं विकर निवडलंत?"

हेमलताबाई तलावाच्या पायरीवर बसल्या, फोन दोन्ही हातांत धरला आणि सांगू लागल्या.