सतरा सेकंद जास्त

अमळनेरच्या स्टुडिओत योगराज आणि त्याचा चुलतभाऊ हितेंद्र एकमेकांकडे पाठ करून बसत. कॉम्प्युटर दोन, अगदी सारखे. योगराजचं एडिटिंग सॉफ्टवेअर नवं, हितेंद्रचं जुनं, आणि त्यावरून दोघांचा रोज छत्तीसचा आकडा. शेवटी ठरलं, एकाच लग्नाची फिल्म दोघांनी आपापल्या कॉम्प्युटरवर बनवायची. काही न गाळता ज्याचं आधी होईल तो दुकानात राहील, दुसऱ्यानं किल्ली ठेवून चालतं व्हायचं.

लग्न धनसिंगचं होतं, दुसरेपणाचं. पहिली बायको रूपा दोन वर्षांपूर्वी वारलेली. तिचा राग नको म्हणून हळदीआधी तिच्या नावाचा, तिची प्रतिमा उठवलेला चांदीचा टाक नवरीच्या गळ्यात बांधला होता. नवरदेवाची आई भिकुबाई पेन ड्राइव्ह द्यायला आली, तेव्हा दारातच थांबून म्हणाली, "टाकना सीन काढू नका, भाऊ. रूपा बठ्ठं देखस."

मेलेली रूपा सगळं बघते, असल्या गोष्टींचा योगराजला तिटकारा. कॅमेरा हलल्यानं तो सीन बिघडलेलाही होता, सतरा सेकंदांचा. त्यानं तो दोन्ही कॉम्प्युटरवरून उडवला आणि हितेंद्रला सांगितलंही नाही.

भर दुपारी दोघांनी एकाच वेळी फिल्म तयार करायचं बटण दाबलं. योगराजचं नऊ मिनिटांत झालं. हितेंद्रचं सव्वीस मिनिटं रखडलं, आणि योगराजनं तेवढा वेळ त्याला मनसोक्त टोमणे मारले. त्याला खरंच फार बरं वाटत होतं.

हितेंद्र शांतपणे म्हणाला, "लांबी बघ."

त्याची फिल्म सतरा सेकंदांनी मोठी होती.

त्यानं ती लावली. टाक बांधायचा सीन जिथं असायला हवा होता, तिथं मांडव नव्हताच. पडद्यावर हेच दुकान होतं, मागच्या भिंतीकडून दिसणारं. तिथं कॅमेरा नव्हता. खोलीत ओल्या हळदीचा वास आला. पडद्यावरचा हितेंद्र पाठमोरा बसून फोनवर बोलत होता. त्याच्या पाठीमागची योगराजची खुर्ची रिकामी होती.

"या आखाजीले योगराजनी घागर भरनी शे," पडद्यावरचा हितेंद्र म्हणाला.

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर भरतात ती मेलेल्या माणसाची. योगराजनं फिल्म तिथंच थांबवली.

"हितेंद्र... हे तू... कधी बोललास?"

"अजून नाही," हितेंद्र म्हणाला. तो मुळीच घाबरला नव्हता. "काही न गाळता, असं ठरलं होतं," म्हणत त्यानं किल्लीसाठी हात पुढे केला.