बांबूंच्या आतलं पिल्लू

"नरहरकाका, परत एकदा मागे घ्या ना," बकुळ म्हणाली.

नरहरकाकांनी टेप मागे फिरवली. छोट्या पडद्यावर पुन्हा गंगा दिसू लागली आणि पाण्यातून एक पिल्लू वर आलं. लांब चोच, राखाडी पाठ, घाईघाईनं घेतलेला एक श्वास, की पुन्हा खाली.

ते सूंसचं पिल्लू होतं. सूंस म्हणजे गंगेतला डॉल्फिन. पुण्याहून आलेली दोन माणसं त्याच्यावर माहितीपट काढत होती. दिग्दर्शक श्रीनिवासकाका आणि कॅमेरा चालवणारे नरहरकाका. बनारसला संकठा घाटाजवळ बकुळच्या घरी वरच्या मजल्यावर त्यांचा मुक्काम होता. बकुळची विद्युल्लता आत्या विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवायची. या माहितीपटातली शास्त्राची बाजू तीच सांभाळत होती.

आत्या असेपर्यंत त्यांना फक्त लांबवरच्या पाठी दिसल्या होत्या. परवा ती कामासाठी अलाहाबादला गेली, आणि लगेच इतकं जवळचं चित्रण मिळालं.

"काय नशीब आहे," श्रीनिवासकाका खूश होऊन म्हणाले. "उद्या दुपारी शेवटचा तुकडा घेतला की काम संपलं."

बकुळ धाकट्या भावाला, यज्ञूला, आणि सुट्टीसाठी नाशिकहून आलेल्या मामेबहिणीला, कालिंदीला, घेऊन गच्चीवर गेली.

"काहीतरी गडबड आहे," ती हळूच म्हणाली. "सूंस एकदा वर आली की पुन्हा किती वेळानं, किती लांब निघते. हे पिल्लू त्याच जागी वर येतंय. आणि कसं धापा टाकत होतं, बघितलंत?"

"कोपऱ्यात बांबू पण दिसले," कालिंदी म्हणाली. "ओळीनं रोवलेले."

यज्ञूचा चेहरा उतरला. "म्हणजे त्याला बंद केलंय?"

संध्याकाळी बाबा देवळातून आले तेव्हा बकुळनं त्यांना सगळं सांगितलं. "अगं, शिकलीसवरली माणसं आहेत ती," बाबा पंचा दोरीवर टाकत म्हणाले. "त्यांच्या कामात लुडबुड करू नका."

तिघांनाही नीट झोप लागली नाही.

सकाळी विसेसर चाचांची नाव शिंदे घाटाशी लागली होती. माहितीपटासाठी नाव त्यांचीच भाड्यानं घेतलेली, त्यामुळे चित्रणाची जागा त्यांना माहीत असणारच. बकुळनं विचारलं तेव्हा त्यांनी मान खाली घातली.

"बिटिया, हमने मना किया था," ते म्हणाले. "साहब बोले, दो दिन की बात है. लेकिन पानी रोज उतर रहा है."

त्यांनी मुलांना पलीकडे नेलं. वाळूत कलिंगडांचे वेल पसरले होते. त्यांच्या मागे गंगेचा एक अरुंद फाटा आत शिरला होता आणि त्याच्या तोंडाशी बांबूंना जाळं बांधलं होतं. पिल्लू आत गोल फिरत होतं. आतल्या टोकाला पाणी इतकं कमी झालं होतं की वळताना त्याचं पोट वाळूला घासत होतं.

जाळ्याबाहेर एक मोठी पाठ वर आली आणि बुडाली. थोड्या वेळानं तिथंच पुन्हा आली.

"आई आहे त्याची," यज्ञू कुजबुजला. "चाचा, आत्ताच काढू या जाळं."

चाचांनी एका बांबूला हिसका दिला. तो हललाही नाही. खोलवर ठोकलेले होते सगळे, आणि जाळ्याच्या तळाला दगड बांधले होते. "दो-तीन मर्द चाहिए," ते म्हणाले.

आत्या संध्याकाळी यायची होती. तोवर पिल्लू टिकेल का, हे कोणालाच सांगता येईना. नाव परत निघाली. घाट जवळ आल्यावर बकुळ एकदम म्हणाली, "बांबू त्यांनाच काढायला लावू."

दुपारी तिघं चित्रण बघायच्या निमित्तानं श्रीनिवासकाकांबरोबर निघाले. नाव मधोमध आली तेव्हा बकुळनं सहज विचारल्यासारखं केलं. "काका, टेपच्या कोपऱ्यात बांबू दिसतात ते ठेवणार का? आत्याच्या पटकन लक्षात येईल."

काकांचा चेहरा पडला. "दिसतात? नरहर, दिसतात का रे?"

"दिसतात," नरहरकाका त्यांच्याकडे न बघता म्हणाले.

"बांबू काढले तर?" कालिंदीनं सुचवलं. "जाळं आम्ही पाण्याखाली धरून बसू. कोणाला कळणारही नाही."

मुलांना जाळ्याचं कसं कळलं, हे विचारायचंही काकांना सुचलं नाही; त्यांनी मान डोलावली. पलीकडे पोचल्यावर त्यांनी स्वतः बाह्या सरसावल्या. विसेसर चाचा आणि नरहरकाका जोडीला होतेच. एकेक बांबू निघाला, आणि चाचांनी हळूच दगडही सोडले. मुलं छातीभर पाण्यात जाळं धरून उभी राहिली. चाचांनी नाव त्यांच्या अगदी शेजारी आणली.

नरहरकाकांनी कॅमेरा सुरू केला.

"आता," बकुळ म्हणाली.

तिघांनी जाळं सोडलं. चाचांनी ते भराभर नावेत ओढून घेतलं. फाट्याचं तोंड मोकळं झालं.

"अरे, काय करताय? धरा ते," श्रीनिवासकाका ओरडत पाण्यात उतरले. पिल्लू घाबरून उलट्या दिशेला, उथळ टोकाकडे सुटलं. त्याची पाठ उघडी पडली. आणखी हातभर पुढे गेलं असतं तर ते वाळूत रुतलं असतं.

"काका, ओरडू नका," बकुळ दबक्या आवाजात म्हणाली. "त्याला दिसत नाही. ऐकूनच ते वाट काढतं. तुमच्या आवाजानं ते मरेल."

काका होते तिथंच थांबले. त्यांनी पहिल्यांदाच त्या पिल्लाकडे कॅमेऱ्याशिवाय बघितलं असावं. ते एका कुशीवर कलंडलं होतं आणि चोच उघडून हवा ओढत होतं.

कोणी हललं नाही. कालिंदीनं यज्ञूचा हात घट्ट धरला. पिल्लानं शेपटी आपटली, एकदा, दोनदा. गढूळ पाणी उसळलं आणि मग काहीच दिसेना.

"माझ्या गुडघ्याला काहीतरी लागलं," यज्ञू श्वास रोखून म्हणाला.

फाट्याच्या तोंडापलीकडे, खोल पाण्यात, एक मोठी पाठ वर आली. तिच्या अगदी लगत एक लहान पाठ.

कालिंदी रडायला लागली. नरहरकाकांनी कॅमेरा बंद केला नव्हता.

संध्याकाळी आत्या आली. मुलांना वाटलं, आता काका त्यांचीच तक्रार करणार. पण श्रीनिवासकाकांनी स्वतः दोन्ही टेपा तिच्यासमोर लावल्या आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. आत्यानं दोन्ही टेपा शेवटपर्यंत बघितल्या.

"पहिली टेप पुसायची," ती म्हणाली. "दुसरी ठेवायची. आणि ते पिल्लू तिथं कसं अडकलं, हे माहितीपटात तुम्ही तुमच्या तोंडून सांगायचं."

"सांगतो," काका म्हणाले.

मग ती मुलांकडे वळली. "पाण्यात असं उतरणं धोक्याचं होतं, समजलं? पण मी जे वर्गात शिकवते ते तुम्ही डोळ्यांनी ओळखलंत. माझ्या कित्येक विद्यार्थ्यांना नसतं जमलं."

बाबा दारातच उभे होते. "मी काल ऐकायला हवं होतं," ते बकुळला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या सगळ्यांना विसेसर चाचांच्या नावेतून घेऊन गेली. श्रीनिवासकाकाही आले. चाचांनी वल्ही वर घेतली. बराच वेळ नदी नुसतीच वाहत राहिली. यज्ञू रडायच्या बेतात होता, तेवढ्यात लांबवर एक मोठी आणि एक लहान पाठ वर आली.

"आत्या, तेच पिल्लू आहे ना?"

"ते मला नाही सांगता येणार," आत्या म्हणाली.

यज्ञूनं थोडा विचार केला. "पण आईबरोबर आहे."

"हो," आत्या म्हणाली. "आईबरोबर आहे."