दहाव्या दिवसाची हजेरी

हे घडलेलं आहे. ज्याच्या बाबतीत घडलं तो ऑरिन टेस्के आजही कॅन्ससमधल्या त्याच गावात राहतो. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

रात्र नव्हती. जानेवारीतली दुपार होती, दोन वाजले होते. बाहेर बर्फावर लख्ख ऊन होतं.

जागा... काउंटीच्या सरकारी कॉलेजातली खोली क्रमांक ११२.

ऑरिन तिथला सुतार. कॉलेजातल्या प्रत्येक शिक्षकाच्या नावाची लाकडी पाटी त्याच्या हातची.

फक्त एका शिक्षिकेची नव्हती. त्याच्या बायकोची.

लव्हॉन बावीस वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होती. तशा लोकांना पाटी नाही, असा नियम. वेळापत्रकातही त्यांचं नाव छापत नसत. नावाच्या जागी नुसतं 'स्टाफ'.

ती ११२ मध्ये सगळ्यात खालचं गणित शिकवायची. मांसाचा कारखाना बंद पडला तेव्हा चाळिशीतल्या बाया नर्सिंग शिकायला आल्या. अपूर्णांक कधीच विसरलेल्या. त्यांच्यासाठी तिने स्वयंपाकघरात बसून एक पुस्तक टाइप केलं. कॉलेज अजून तेच शिकवतं.

तिची एक सवय होती. सत्राच्या दहाव्या दिवशी, जो एकदाही वर्गात आला नाही त्याचं नाव हजेरीतून कापायचं, असा कॉलेजचा नियम. लव्हॉन तसं सरळ कापत नसे. टेबलावर लाल पेन्सिल दोनदा आपटायची. नाव तीनदा पुकारायची. कुणी धावत येऊन 'हजर' म्हणालं तर वाचलं. नाहीतर लाल रेघ.

ऑक्टोबरात ती गेली. कॅन्सरने.

जानेवारीत कॉलेजला पन्नास वर्षं झाली. बियाण्यांच्या दुकानाच्या माडीवर सुरू झालेलं कॉलेज. त्याचा इतिहास डीनने लिहिला, छापला. त्यात गणिताच्या पुस्तकाचा लेखक म्हणून डीनचंच नाव होतं.

त्या दुपारी, सत्राच्या दहाव्या दिवशी, ऑरिन ११२ च्या बाहेर सुवर्णमहोत्सवाचा फलक ठोकत होता. डीन शेजारी उभा होता.

"साहेब, लव्हॉनचं नाव राहिलंय."

"सगळी जुनी वेळापत्रकं तपासली मी, ऑरिन. तिथे 'स्टाफ' लिहिलंय. इतिहास कागदावर चालतो."

"पुस्तक तिने लिहिलं. टाइपरायटरच्या फिती मी आणून देत होतो."

"मग फितीवाला म्हणून तुझं नाव घालू का?" डीन हसला. "उजवी बाजू खाली गेलीय बघ. स्क्रू नीट बसव."

ऑरिनने मान खाली घातली.

आणि तेव्हा...

टक. टक.

११२ मधून. खोलीला कुलूप होतं. किल्ली ऑरिनच्या कमरेला होती.

मग आवाज आला. शांत, जरासा बसलेला. डीनचं नाव. आडनावासकट.

"कोण आहे आत?" डीन म्हणाला. "काय हा फाजीलपणा?"

त्याने दाराच्या काचेतून पाहिलं. बाकं रिकामी. खुर्ची रिकामी. टेबलावर मात्र... हजेरीपट उघडा होता.

टक. टक.

पुन्हा तेच नाव.

डीनचा चेहरा पांढराफटक पडला. "ऑरिन... हा तिचा आवाज आहे?"

ऑरिनने स्क्रूड्रायव्हर उचलला.

"अरे, काय करायचं असतं? सांग ना, बाबा!"

ऑरिनला माहीत होतं. एकच शब्द. हजर. तो जिभेवर आला होता.

त्याने उजवीकडचा स्क्रू घट्ट पिळला.

तिसरी हाक.

डीनने तोंड उघडलं. आवाज फुटला नाही.

मग आतून... कागदावर पेन्सिल ओढल्याचा आवाज. लांब. सावकाश.

कॉरिडॉरच्या टोकाकडून ऑफिसातली रोवीना आली. अकरा वर्षं ती डीनला रोज कॉफी नेऊन देत होती. तिने दोघांकडे पाहिलं.

"ऑरिन, हे गृहस्थ कोण? हरवलेत का?"

डीन तिच्याकडे बघतच राहिला.

संध्याकाळी ऑरिनने डीनच्या दाराची पाटी पाहिली. अक्षरं त्याने स्वतः कोरली होती. आता लाकूड गुळगुळीत होतं. छापलेल्या इतिहासाच्या आठशे प्रतींत, जिथे जिथे ते नाव होतं तिथे... 'स्टाफ'.

मार्चमध्ये तो माणूस गाव सोडून गेला म्हणतात. कुठे, कुणाला ठाऊक नाही. त्याचं नाव ऑरिनलाही आठवत नाही. म्हणून इथे नुसतं डीन लिहिलंय.

लव्हॉनचं नाव मात्र त्या इतिहासात आलंच नाही.

ऑरिनने अक्रोडाच्या लाकडाची पाटी केली. नियम असो नसो, ११२ च्या दारावर ठोकली. आता तिला बरं वाटेल, असं त्याला वाटलं.

ऑगस्ट आला. नव्या सत्राचा दहावा दिवस. ऑरिन सकाळी स्वयंपाकघरात अंडी तळत होता.

टक. टक.

जेवणाच्या टेबलावरून.

"ऑरिन टेस्के."

"हजर," तो लगेच म्हणाला. "लव्हॉन, हजर आहे मी."

काहीच उत्तर नाही. अंडी करपली.

तेव्हा त्याला आठवलं. पहिल्याच वर्षी तिने हसत विचारलं होतं, "काय रे सुतारा, माझी पाटी कधी?"

"नियम नाही गं," तो म्हणाला होता.

पुन्हा तिने कधी विचारलं नाही. आणि बावीस वर्षं तो रोज दुसऱ्यांच्या पाट्या ठोकत राहिला.

पुढच्या जानेवारीत, दहाव्या दिवशी, दुसरी हाक आली. या वेळी तो तीनदा 'हजर' म्हणाला. रडत म्हणाला.

टेबलावर नुसती पेन्सिल वाजली.

येत्या सोमवारी नवं सत्र सुरू होतंय. ऑरिन आता सकाळी उठल्याबरोबर चपला घालतो, फाटकापर्यंत जातो आणि टपालपेटीवरचं आपलं नाव वाचून येतो.

काल त्याला ते जरा फिकट वाटलं...