स्वच्छ तेल

रुग्णवाहिका सेवेच्या कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत हेमांगी नेजदारने तेलाचा फिल्टर कापला आणि आतला कागद उलगडून भिंगाखाली धरला. कागद अस्सल होता. तो बनावट निघाला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं.

हेमांगी घर्षणतज्ज्ञ, यंत्रांची झीज तपासणारी. घाटात तीन रुग्णवाहिकांची इंजिनं जाम झाली, तेव्हा तिचा संशय थेट भांडारप्रमुख दिनकर खोतांवर गेला. अस्सल फिल्टर बाहेर विकून हा माणूस गाड्यांना स्वस्तातला माल लावतो, असं तिने वरिष्ठांना ठासून सांगितलं. खोत नाही नाही म्हणत राहिले. त्यांना निलंबित केलं गेलं. मग हेमांगीने स्वतः समोर उभं राहून उरलेल्या गाड्यांना नवे फिल्टर बसवून घेतले. त्यांतल्याच एका गाडीचं इंजिन काल जाम झालं होतं; समोरचा फिल्टर तिचाच.

"म्हणजे खोट तेलात आहे," ती म्हणाली.

टेबलापलीकडे डॉ. लाटकर बसले होते. हे तेल त्यांनीच बनवलेलं. "आता माझी पाळी का?" त्यांनी विचारलं.

"तेल काम कसं करतं ते सांगा. जाहिरातीतलं नको."

"यात भरणकण आहेत," लाटकर सावधपणे म्हणाले. "इंजिन चालताना लोखंडाचा बारीक चुरा झडतो, तेलात मिसळतो. भरणकण तो चुरा उचलतात आणि झिजलेल्या जागी चिकटवतात. इंजिनाची झीज इंजिनातच भरून निघते."

"फिल्टरमध्ये ते अडकत असतील."

"सर्वांत बारीक फिल्टरमधूनही आरपार जातात. मी तपासलंय."

हेमांगीने बंद पडलेल्या इंजिनातलं तेल काचेच्या भांड्यात ओतलं. कित्येक महिने वापरलेलं तेल काळंकुट्ट असायला हवं होतं. हे मधासारखं पिवळंधमक होतं. तिने क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा फिरता दांडा, मोजला, सिलिंडरच्या भिंती मोजल्या, मग दोन्ही मापं पुन्हा घेतली.

"शाफ्ट बारीक झालाय," ती म्हणाली. "आणि भिंतींवर लोखंडाचा थर चढलाय. पिस्टन त्यातच अडकला. हे लोखंड आलं कुठून?"

लाटकरांनी शाफ्ट स्वतः मोजून पाहिला.

"तुमच्या चाचण्या कुठल्या फिल्टरवर झाल्या?"

"साध्या. हे अस्सल, बारीक फिल्टर नंतर आले. शिफारस तुमची होती."

हेमांगी खुर्चीत बसली. "फिल्टरने सगळा चुरा अडवला. भरणकणांना उचलायला काही उरलंच नाही. मग त्यांना थांबायला सांगणारं काही आहे का तेलात?"

"नाही," लाटकर हळू आवाजात म्हणाले. "सुटा चुरा असला की आधी तो घेतात. नसला तर..."

"तर धडधाकट लोखंड खरवडतात."

खोतांनी गाड्यांना अस्सल फिल्टरच लावले होते. एखादा जरी बनावट लावला असता, तर ती गाडी वाचली असती.

त्या घडीला हे तेल घातलेली एकच रुग्णवाहिका रस्त्यावर होती. घोणस चावून मूत्रपिंडं निकामी झालेल्या एका बाईंना डायलिसिससाठी घेऊन बाबल गावडे सावंतवाडीहून निघाला होता. हेमांगीने फोन लावला तेव्हा तो आंबोली घाटाच्या पायथ्याशी, दाणोलीला पोचला होता. दुसरी गाडी यायला दुपार झाली असती आणि बाईंना तेवढा वेळ नव्हता.

"गावडे, इतक्यात घाट चढू नका. जवळच्या गॅरेजात साधा फिल्टर लावून घ्या. आणि कुठल्याही जुन्या गाडीचं काढलेलं काळं तेल लिटरभर इंजिनात ओता, त्यातला चुरा हवाय."

"मॅडम," गावडे म्हणाला, "गाडीत पेशंट आहे. उद्या इंजिन गेलं तर म्हणाल, बाबलनं घाण तेल घातलं. खोतसाहेबांचं काय झालं ते आम्ही बघितलंय."

"मी सांगतेय ना?"

"म्हणूनच नको म्हणतोय. खोतसाहेब सांगतील तर घालतो."

समजावत बसायला वेळ नव्हता. तिने खोतांना त्याच फोनवर जोडून घेतलं आणि एका दमात सगळं सांगितलं: शाफ्ट, भिंती, चुरा, आणि फिल्टर अस्सल होते हेही.

खोतांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "मॅडम, आता मी साधा फिल्टर आणि काळं तेल घालायला सांगायचं. माझ्यावर आळ होता तो हाच ना?"

"हाच."

"तर मग तुमचा हुकूम आधी लेखी येऊ दे. गावडेच्या फोनवर आणि माझ्याही."

तिने तिथल्या तिथे हुकूम लिहून खाली आपलं नाव घातलं आणि दोघांना पाठवला. खोतांनी तो सावकाश मोठ्याने वाचून घेतला. मग म्हणाले, "बाबल, ओत."

गाडी घाट चढून दुपारच्या आत कोल्हापुरात पोचली. बाईंना आत नेल्यावर गावडेने इंजिनातलं तेल मापायची दांडी ओढून हेमांगीसमोर धरली. तेल डांबरासारखं काळं होतं.

"हे असंच ठेवायचं?" त्याने विचारलं. अजूनही त्याचा विश्वास बसलेला नव्हता.

"असंच," ती म्हणाली.