फाटक्या पोत्याची चोरी

"चोरानं नेलं काय?" नीरजानं विचारलं.

"एक फाटकं पोतं, टवके उडालेलं हिरवं ताट अन् एक जुना कंदील."

"आणि कोंबड्या?"

"एकबी नाही," सारिका म्हणाली. "त्याइले तर त्याच्या आधीच मारून टाकलं."

नीळकंठकाकांनी पेन थांबवलं. तीस वर्षं कोर्टात कारकुनी केली, निवृत्तीनंतर खामगावात नीरजाच्या तपास-कचेरीत वह्या लिहायला बसले. पण पोतं नेणारा आणि कोंबडी सोडणारा चोर त्यांच्या बापजन्मात त्यांनी पाहिला नव्हता.

त्यासाठीच दोघं शनिवारी दुपारी जळगाव जामोदला बसमधून उतरून पुढे ऑटोनं या गावात आली होती. सातपुड्यावरून येणारं वारं असं बोचत होतं की काकांनी कानटोपी काढलीच नाही.

हकिगत सरळ होती. सारिकानं जुन्या गोठ्यात साठ पिल्लं वाढवली. ती तलंगा झाली, म्हणजे अंड्याला अजून अवकाश असलेल्या कोवळ्या कोंबड्या. सोमवारी संध्याकाळी त्यांना परसात बांधलेल्या नव्या खुराड्यात हलवलं. मंगळवारी सकाळी पाच मेलेल्या, बुधवारी चार. बुधवारी संध्याकाळी गोठ्यातून पोतं, ताट, कंदील गायब. गुरुवारपासून मात्र एकही मेली नाही.

"मेलेल्या कुठं होत्या? जखम होती?"

"साऱ्या त्याच एका कोपऱ्यात. जखम नाही, काही नाही. पोट भरलेलं. चपट्या झालेल्या बिचाऱ्या. विषच घातलं कोणीतरी."

"खुराड्याला कुलूप?"

"असते ना. चावी देवघरात खुंटीले. घरात मी अन् सासूबाई. हे, प्रेम, खामगावले कापसाच्या जिनिंगमध्ये कामाले, रविवारी येतात. ताई, म्या बॅग भरून ठेवली. सासूबाईनं केलं असन, तर उद्या हे आले की त्याइच्या संगं खामगावले जाईन. अन् परत येणार नाही. माह्या हातानं वाढवलेल्या जिवांले जे मारतात, त्याइच्या हातचं जेवू कसं?"

काकांना चहा कडू लागला. चांगलं नांदतं घर मोडायला निघालं होतं.

खुराडं मात्र देखणं होतं. पांढराशुभ्र चुना, साळीचं ताजं तूस, कोरी भांडी, बसायला गुळगुळीत बांबूचे दांडे.

"सगळं नवं?" नीरजानं विचारलं.

"हो तर! नव्या घरात जुना झाडूसुद्धा नेत नाही आपण. मंग याइच्या घरात जुनं काऊन न्यायचं? तूससुद्धा जुनं घेतलं नाही. पिल्लं असताना गोठ्यात कंदील असे, दारावर पोतं टांगलेलं. ते सारं तिथंच राहू दिलं."

नीरजानं दांड्याला चिकटलेला तागाचा धागा अलगद काढला आणि काकांच्या वहीत ठेवला. काकांना वाटलं, बाईंना कचरा उचलायची हौस आहे.

शेजारचे उकंडराव धुऱ्यापाशीच, म्हणजे दोन घरांमधल्या बांधापाशी, उभे होते. "वास येते मले! अन् या खुराड्यापायी पोरीनं दिवाळीत धुऱ्यावरची बोर तोडली. गावात तेवढीच एक होती, विचारलंबी नाही. पण विष? म्या ढेकूण मारत नाही, बाप्पा."

"बुधवारपासून काही वेगळं दिसलं?"

"काय दिसन? पोरगी सांजच्याले डेअरीत दूध घालाले जाते. म्हातारी तिकडं एवढ्या थंडीत दिवेलागणीले दुसऱ्यांदा आंघोळ करून राह्यली. देवाचं लय लागलं तिले."

काकांनी मनातल्या मनात उकंडरावांना बेड्या घातल्या. इतका राग, आणि भिंत लागूनच!

सासूबाई झुंबरबाई परसाकडच्या ओसरीवर वाती वळत बसल्या होत्या. गळ्यात तुळशीची माळ, तोंडात विठ्ठल. "या जिवांले हात लावणार नाही म्हणून म्या सप्त्यात चार बायांसमोर सांगतलं. मले काय विचारता?"

"मनगटावर ओरखडे कशाचे?"

"बोरं तोडाले गेली होती." त्यांनी पदर पुढे ओढला.

त्या पाणी घालायला तुळशीपाशी गेल्या, तर खुराड्यातल्या साऱ्या तलंगा जाळीकडे धावल्या. काकांनी लिहिलं, 'कोंबड्यांना तहान.'

"सारिका," नीरजा म्हणाली, "आज दूध उकंडराव घालतील. संध्याकाळी सगळे इथंच बसू."

उकंडरावांनी कुरकुर केली, पण दूध घालून धावतच परतले. गंमत कोणाला चुकवायची असते?

सूर्य मावळला. काही तलंगा आपापल्या दांड्यावर चढल्या. बाकीच्या मात्र चिवचिवत एका कोपऱ्याकडे सरकल्या. एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी. ढीग वाढू लागला. सारिका उठली, नीरजानं तिचा हात धरला.

"अवं, पाहून काय राह्यल्या!" झुंबरबाईंनी वाती फेकल्या. "खालच्या मरतीन ना!" देवघरातल्या खुंटीवरची चावी ओढून त्या खुराड्यात घुसल्या आणि एकेक तलंग उचलून दांड्यावर बसवू लागल्या. "सारिके, न्हाणीतल्या चुलीमागून पोतं आण! कंदील आण! ताटबी!"

सारिका धावली.

पोतं जाळीला टांगलं, कंदील लागला, हिरवं ताट पाण्यानं भरलं. गलका हळूहळू थांबला.

"हा तुमचा चोर," नीरजा म्हणाली. "आणि खुनी कोणीच नाही. विष असतं तर तेच दाणे खाणाऱ्या सगळ्याच गेल्या असत्या. मेल्या त्या एकाच कोपऱ्यात, चपट्या होऊन. जागा परकी, अंधार, थंडी. ओळखीचं काही म्हणता काही नाही. भिऊन एकमेकींवर चढल्या आणि खालच्या गुदमरल्या."

सारिकानं तोंडावर पदर धरला. "म्हंजे माह्यामुळंच? नवं घर म्हणून..."

"मायेनंच केलंस तू. बुधवारी मात्र कोणीतरी गोठ्यातलंच सामान इथं आणलं, म्हणून मरणं थांबलं. पोत्याचा धागा दांड्याला होता. तू डेअरीत जातेस तेव्हा चावी हाताशी कोणाच्या? कोंबडीला शिवल्यावर थंडीत आंघोळ कोण करतं? आणि काका, वही काढा. गावातली एकुलती बोर दिवाळीत तोडली. मग बोरं कुठली आणि ओरखडे कशाचे?"

काकांनी पान उलटलं. दोन्ही वाक्यं एकाखाली एक, त्यांच्याच अक्षरात होती. कानटोपीतही कान तापले.

"माहेरी कोंबड्या होत्या मले," झुंबरबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या. "मेलेल्या पाह्यल्या अन् समजलं. रोज अंधार पडता पडता बसवायच्या, अंधारात तू काही परसात येत नाही. पहाटे काकड्याले उठलं की सामान काढायचं. चार बायांसमोर बोलून बसली होती ना! तुले सांगू कशी? अन् तू माह्यावर विषाचा संशय घेतला, पोरी. तो लय लागला."

"चुकलंच माह्यं, आई." सारिका रडत खुराड्यात शिरली. "मले शिकवा."

"पाय धर तिचे. असे. अन् छातीखालून उचल. आठ-दहा दिवस बसवलं की आपोआप चढतीन."

मग दोघी मिळून बसवू लागल्या. शेवटची तलंग दांड्यावर बसली तेव्हा सारिकानं कुलूप लावलं आणि चावी देवघरात न नेता सासूच्या कनवटीला खोचली.

"अंडं खाणार नाही हं मी," झुंबरबाईंनी बजावलं.

"नका खाऊ. आधी आंघोळीले पाणी काढते. अन् ती बॅग तेवढी उचलू लागा, एकटीच्यानं रिकामी व्हायची नाही."