जावा परिषद, मुक्काम मुरबाड

मुरबाडच्या मंगल कार्यालयाच्या दारात मी पोचले, तेव्हा माझ्यापुढे रांगेत नऊवारीतल्या दोन बायका उभ्या होत्या आणि टेबलामागचा मुलगा त्यांना अतिशय नम्रपणे विचारत होता, "लॅपटॉप आणलाय का?"

"भाकर आणलेय," त्यातली थोरली म्हणाली.

तेही चालतं, अशी त्याने मान डोलावली. मग माझ्याकडे पाहिलं. त्याचा नाकावरून घसरलेला चष्मा, गळ्यात ओळखपत्र, आणि भर डिसेंबरात कपाळावर घाम.

"जावा?" त्याने विचारलं.

"अजून लग्न नाही झालं," मी म्हणाले.

त्याचे कान लाल झाले. आधी डावा, मग उजवा.

"नाही — म्हणजे — तसं नाही… जावा की डॉटनेट?"

मला कळलं होतं. पण वाशिंदहून कल्याण आणि कल्याणहून एसटीने मुरबाड असा वळसा घालून आलेल्या मुलीला एवढी मजा मिळायलाच हवी.

प्रकार असा होता. जावा ही कॉम्प्युटरची एक भाषा, डॉटनेट तिची प्रतिस्पर्धी. त्या भाषेत प्रोग्रॅम लिहून पोट भरणाऱ्या आम्हा लोकांची एक तीन दिवसांची परिषद दरवर्षी कुठल्या तरी थंडगार हॉटेलात व्हायची. २००६ साली या मुलाने, म्हणजे संदेशने, हट्टाने ती आपल्या गावी आणली. कार्यालय त्याच्या काळूराममामांचं. मामांनी भाच्याच्या प्रेमापोटी, कुणाला न विचारता, टमटमवर भोंगा बांधला आणि पार वैशाखरे गावापर्यंत पुकारा केला : "भव्य जावा परिषद! तीन दिवस! चहा-जेवणाची सोय! समस्त जावांनी लाभ घ्यावा!"

भात झोडून झालं होतं. बायका मोकळ्या होत्या. आल्या. सख्ख्या, चुलत, बोलणाऱ्या, अबोला धरलेल्या, सगळ्या जोडीजोडीने आल्या. धाकलू पेंटरने तर दारावरच्या फलकावर स्वतःच्या मनाने दोन बायका रंगवल्या होत्या. त्यातली एक रागावलेली होती.

"परत कसं पाठवायचं?" संदेश हळूच मला म्हणाला. "मामांचं आमंत्रण आहे. मागच्या रांगा त्यांना दिल्यात, पुढच्या परिषदवाल्यांना."

"आणि मी कुठे बसू?"

त्याने चष्मा वर सरकवला. "तुम्ही… मधे बसा. तुम्ही दोन्हीकडे चालाल."

हे कौतुक होतं की आसनव्यवस्था, याचा विचार करण्यात माझी पहिली दोन व्याख्यानं गेली.

दुपारी पंगतीत वाढायला गिरजावहिनी होती, संदेशच्या थोरल्या भावाची बायको. अख्ख्या परिषदेत एकटी आलेली ती एकच.

"माला जाऊच नाय," माझ्या पानात वालाची भाजी घालत ती म्हणाली, जणू तिला एक हातच नव्हता. "दीर हाय, पन त्यानं लगीन कराया नको? आता या बेस्तरवारी बंगळूरला चाललाय. दोन वर्सं. तिथलीच कोन आनली म्हंजी?"

"मग काय बिघडलं?"

"भांडू कशी गो तिच्याशी? भांडाया भाषा तरी एक नको?"

इतका बिनतोड मुद्दा मी कुठल्याही परिषदेत ऐकला नव्हता. पण मी मात्र वार मोजत होते. बेस्तरवारी, म्हणजे येत्या गुरुवारी. सकाळी भेटलेल्या माणसाच्या जाण्याचं दुपारी वाईट वाटावं, हे कार्यक्रमपत्रिकेत कुठेच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माझं व्याख्यान होतं. विषय : डेडलॉक. मी "नमस्कार" म्हणाले आणि वीज गेली. लोडशेडिंग. पडदे लावून केलेल्या अंधारात प्रोजेक्टरने एक सुस्कारा टाकला. पुढच्या रांगांनी दोन.

"बोल गो पोरी," मागून आवाज आला. "आमाला आयकाया वीज लागत नाय."

मग मी बोलले. "समजा, दोघी जावा आहेत. एकीने पाटा अडवलाय, दुसरीने वरवंटा धरलाय. वाटण दोघींना करायचंय. ही म्हणते, आधी तू वरवंटा दे. ती म्हणते, आधी तू पाटा सोड. दोघी वाट बघत बसल्या. पुढे काय होईल?"

"पुढं काय," मागून ती भाकरवाली ठमीबाई म्हणाली, "नवरे उपाशी."

पुढच्या रांगांनी हे लिहून घेतलं.

"वरवंटा हिच्याकडंच व्हता!" ठमीबाईची जाऊ जनाबाई कडाडली, आणि प्रश्नोत्तरांना वेळेआधीच सुरुवात झाली.

एवढ्यात संदेश बॅटरी घेऊन धावत आला. मला फळ्यावर लिहिता यावं म्हणून तो उजेड धरून उभा राहिला. फक्त तो उजेड माझ्या चेहऱ्यावर होता.

"फळ्यावर धरा ना," मी पुटपुटले.

"हो, हो… सॉरी."

उजेड फळ्यावर गेला. थोडा वेळ तिथे थांबला. मग हळूच परत आला… यावेळी मी तो राहू दिला.

"पण मॅडम, याला उपाय काय?" पुढून कुणीतरी विचारलं.

"उपाय एकच. दोघांपैकी एकाने आधी सोडायचं," मी उजेडाच्या दिशेने बघत म्हणाले.

बॅटरी विझली. सेल संपले होते, असं त्याचं नंतर म्हणणं पडलं.

तिसऱ्या दिवशी तो मला चहा द्यायला आला. कपात होता त्याहून जास्त बशीत होता. आम्ही कार्यालयाच्या मागे उभे राहिलो. पेंढ्याचा उन्हात तापलेला वास, आणि समोर धुरकट निळा डोंगर. 'अहो-जाहो' कालच्या अंधारात कुठेतरी पडलं होतं, ते दोघांनीही शोधलं नाही.

"तो सिद्धगड," तो म्हणाला.

"बंगळूरहून दिसतो?"

"नाही."

"मग आठवण आली की काय करशील?"

"डोळे मिटेन. दिसेल."

"डोळे मिटल्यावर… नुसता गडच दिसेल?"

त्याने तोंड उघडलं. एक लांब श्वास घेतला. मी कप घट्ट धरला —

"संदेश! खुर्च्या मोज रे!" आतून काळूराममामा ओरडले.

तो खुर्च्या मोजायला गेला. आईबापांनी नाव संदेश ठेवावं आणि पोराने तीन दिवसांत एक निरोप पोचवू नये!

खरकटी भांडी घेऊन गिरजावहिनी मागच्या दारात उभी होती. किती वेळ, देव जाणे.

"तुमचं ता काल सांगत व्हतीस तसाच झालाय गो," ती म्हणाली. "तू पाट्यावर बसलीस, नि यो वरवंटा धरून."

"वहिनी, तसं काही नाहीये."

"नसंल," ती गंभीरपणे म्हणाली. "चटनी माझी ऱ्हायलीय."

संध्याकाळी तो मला एसटी स्टँडवर सोडायला आला. कल्याणची गाडी जागच्या जागी थडथडत उभी होती. माझी बॅग त्याच्या हातात. फलाटावर भाजलेल्या शेंगांचा वास.

"मग… मी जाऊ?" मी म्हणाले.

"हो," तो म्हणाला. "उशीर होईल तुला."

मी पायरीवर चढले. बॅगेचा एक बंद धरून ओढला. दुसरा त्याच्या हातात होता. त्याने सोडला नाही. मीही नाही. गाडीने हॉर्न दिला. तो बॅगेकडे बघत होता, मी त्याच्याकडे. आणि मला माझंच व्याख्यान आठवलं.

मी बंद सोडून दिला.

"संदेश, ते क्रियापद नव्हतं."

"काय?"

"'जाऊ'. मी जाण्याची परवानगी नव्हते मागत. ते नाम होतं. पुन्हा विचारते, नीट ऐक." माझा आवाज जरा हलला. "मी… जाऊ?"

त्याचा चष्मा घसरला. ओठ हलले. एखादा मोठा प्रोग्रॅम सुरू होताना लागतो, तसा वेळ लागला. मग डावा कान लाल झाला. मग उजवा.

"…वहिनीची?"

"ठमीबाईची तर नक्कीच नाही."

"हो," तो पुटपुटला. मग सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं, "हो! हो ना! म्हणजे — मी पहिल्या दिवशीच — त्या टेबलावरच — पण म्हटलं, तू हसशील —"

"हसणारच होते."

"मग?"

"मग काय. हसत हसत हो म्हणणार होते."

कंडक्टर घाटावरचा होता. त्याने आम्हा दोघांकडे आणि बॅगेकडे बघून डबल बेलची दोरी धरली. "ओ पाव्हणं! दारात काय संसार मांडलाय? उतरा, नायतर आत जावा! चला, जावा, जावा!"

"ऐकलंस?" मी म्हणाले. "आता तर एसटी महामंडळाचा आदेश आहे."

तो बॅगेसकट गाडीत चढला. कल्याणपर्यंत आम्ही एकाच बाकावर बसून आलो. बॅग दोघांच्या मांडीवर होती, आणि एकेक बंद एकेकाच्या हातात.

गुरुवारी तो बंगळूरला गेला. जाणारच होता. रविवारी सकाळी आमच्या घरचा फोन वाजला.

"कंदी येतेस गो?" पलीकडून गिरजावहिनीचा आवाज आला. "पाटा धुऊन ठेवलाय. वरवंटा तू धर."